मेल हलवू नका, कॅमेरे हलवा

वाचकांचे प्रश्न : मोबाइल, मेल आणि नेटवर्क

या वेळच्या टपालात पोर्ट नंबरचे प्रश्न इतके आले की प्रिंटरवाल्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबावं लागेल. पत्रं थोडी कापली आहेत. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही, फक्त गाव देते.

प्रश्न : ताई, नमस्कार. कुपवाड एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. मी अकाउंट्स बघतो, पण कॉम्प्युटरचं काही अडलं की सगळे माझ्याच टेबलाशी येतात. मेलचा सर्व्हर कारखान्यातच आहे, मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंजचा. इंटरनेटची लाइन एक, स्टॅटिक (न बदलणारा) आयपी एक. राउटरवर ४४३ पोर्ट आधीच सीसीटीव्हीच्या डीव्हीआरला (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणाऱ्या डब्याला) दिलेला, कारण मालक घरून कॅमेरे बघतात. म्हणून नेटवर्कवाल्यानं मोबाइल मेलसाठी ४४४३ लावून दिला. मालकांच्या आयफोनवर मेल येतात. माझ्या अँड्रॉइडवर सर्टिफिकेटची तक्रार येते. ऑफिसच्या वाय-फायवर कुणालाच मेल येत नाहीत, आणि आमचा मार्केटिंगचा माणूस पुण्याला कस्टमरकडे गेला की त्यांच्या गेस्ट वाय-फायवर सगळं ठप्प. ४४४३ नंबर चुकीचा आहे का? दुसरा कुठला टाकू? (कुपवाड)

उत्तर : नंबर चुकीचा नाही. ४४४३ काढून ८४४३ टाकलात तरी तुमची तिन्ही दुखणी तशीच राहतील, कारण तिघांची कारणं वेगवेगळी आहेत.

आधी पोर्ट म्हणजे काय ते एकदा बघू, पुढच्या पत्रांनाही उपयोग होईल. सांगलीच्या मार्केट यार्डाचा पत्ता एकच, आत गाळे कितीतरी. आयपी म्हणजे यार्डाचा पत्ता आणि पोर्ट म्हणजे गाळा नंबर. हे नंबर ६५,५३५ पर्यंत जातात. त्यातले १०२३ पर्यंतचे कुठल्या कामाला, हे आयाना ही संस्था ठरवते. सुरक्षित वेबसाठी ४४३ ठरलेला आहे, आणि एक्स्चेंजचं मोबाइल सिंक, म्हणजे ॲक्टिव्हसिंक, वेबच्याच वाटेनं जातं. त्यामुळे फोनला कुणी काही सांगितलं नाही तर तो सरळ ४४३ वर जाऊन उभा राहतो. तुमच्याकडे त्या नंबरवर डीव्हीआर बसलाय.

आता तुमचा अँड्रॉइड. मेल आयडी आणि पासवर्ड दिला की फोन बाकीची सेटिंग स्वतःच शोधायला निघतो. याला ऑटोडिस्कव्हर म्हणतात, आणि ही शोधाशोध मुख्यतः ४४३ वर होते. तिथं त्याला डीव्हीआर भेटतो. सर्टिफिकेट म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र. डीव्हीआरचं ते त्यानं स्वतःच स्वतःला दिलेलं असतं आणि त्यावर तुमच्या मेल सर्व्हरचं नावही नसतं. फोन बोंब मारतो ते बरोबरच आहे. वैतागून त्या इशाऱ्यावर ‘तरीही पुढे’ दाबलं असेल, किंवा सुरक्षा प्रकारात ‘सर्व सर्टिफिकेट स्वीकारा’ हा पर्याय निवडला असेल, तर तुमचा मेलचा पासवर्ड डीव्हीआरच्या हाती पडला असू शकतो. दाबलं असेल तर पासवर्ड आजच बदला, मग पुढचं वाचा.

मालकांच्या आयफोनवर चालतं, कारण कुणीतरी सर्व्हरच्या रकान्यात नावापुढे कोलन देऊन ४४४३ लिहिलेलं असणार. आयफोनला पोर्टसाठी वेगळा रकाना नाही, तो असाच जोडून द्यायचा. अँड्रॉइडच्या जीमेल ॲपमध्ये एक्स्चेंजचं खातं मॅन्युअल पद्धतीनं जोडलंत तर पोर्टचा रकाना वेगळा मिळतो. बऱ्याच ॲपमध्ये एक खोड आहे: पोर्ट लिहून झाल्यावर सुरक्षा प्रकार बदलला की पोर्ट गुपचूप मूळ आकड्यावर जातो. म्हणून सुरक्षा प्रकार आधी निवडा, पोर्ट शेवटी लिहा, आणि सेव्ह करण्याआधी एकदा वर नजर टाका. शिवाय सर्व्हरवर ॲक्टिव्हसिंकचा ‘बाहेरचा पत्ता’ म्हणून जी यूआरएल भरलेली असते, तिच्यातही ४४४३ यायला हवा. तो नसेल तर फोन एकदा नीट जोडला जातो आणि सर्व्हरच त्याला परत ४४३ कडे पाठवतो. ‘सकाळी चालत होतं, दुपारी बंद पडलं’ अशी पत्रं मला येतात, त्यातली काही या जातीची असतात.

ऑफिसचं वाय-फाय हा दुसरा गुंता. राउटरवरचा नियम असा आहे की बाहेरून ४४४३ वर आलेलं आत सर्व्हरच्या ४४३ वर सोडायचं. फोन ऑफिसात असला की तो आतूनच निघतो आणि स्वतःच्याच बाहेरच्या आयपीकडे जाऊ बघतो. काही राउटर अशी आतून बाहेर आणि लगेच परत आत येणारी वाट देतात, तिला हेअरपिन म्हणतात. काही देत नाहीत. मग एखादा हुशार मुलगा ऑफिसच्या डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून आयपी सांगणाऱ्या यादीत, मेलच्या नावापुढे सर्व्हरचा आतला आयपी घालतो. पण आत सर्व्हर ४४३ वर ऐकतोय, आणि फोन तिथंही ४४४३ च मागतोय. पुन्हा भिंत. दोन्हीकडे एकच नंबर असता तर हा प्रश्न आलाच नसता. तात्पुरता इलाज म्हणजे राउटरमध्ये हेअरपिन चालू करणे, नाहीतर सर्व्हरलाच ४४४३ वरही ऐकायला लावणे.

तिसरं दुखणं पुण्याचं. मेल ४४४३ वर आहे तोवर त्यावर तुमच्या हातात काहीच नाही. कंपन्या, हॉटेलं, कॉलेजं यांच्या गेस्ट वाय-फायवर कित्येकदा फक्त ८० (साध्या वेबचा) आणि ४४३ हे दोनच पोर्ट बाहेर जाऊ देतात. ४४४३ असो की ८४४३, अशा ठिकाणी दोन्ही अडणार. तुमच्या माणसानं तिथं वाय-फाय बंद करून मोबाइल डेटा लावायचा, एवढंच. कस्टमरच्या आयटीवाल्याला ‘आमच्यासाठी एक पोर्ट उघडा’ म्हणून सांगायला जाऊ नका. त्यांनी नाही म्हटलं तर ते बरोबर आहेत.

म्हणूनच माझं म्हणणं, ४४३ मेलला द्या आणि डीव्हीआरला तिथून उठवा. मेल वाचणारा माणूस रोज परक्या नेटवर्कवर जातो. तिथले नियम आपल्या हातात नसतात, म्हणून सगळीकडे चालणारा नंबर त्यालाच लागतो. कॅमेरे बघणारा एकटा मालक, त्यातही बहुतेक घरून. आपल्याकडे उलटं होतं, कारण कॅमेरेवाला आधी येतो आणि मेलवाला नंतर. मोकळा दिसला तो पोर्ट पहिल्यानं घेतला, झालं.

डीव्हीआर दुसऱ्या पोर्टवर नेणं हा मधला मार्ग. मला विचाराल तर तो इंटरनेटवर उघडा ठेवूच नका. २०१६ साली मिराय नावाच्या व्हायरसनं जगभरातले लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते. कंपनीतून आलेले पासवर्ड कुणी बदललेच नव्हते. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला या फौजेनं डाइन नावाच्या डीएनएस कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटरसकट मोठमोठ्या साइट काही तास अडखळल्या. मालकांच्या फोनवर वायरगार्डसारखं व्हीपीएन टाकून द्या. बटण दाबलं की कारखान्याच्या आतल्या नेटवर्कवर, तिथून कॅमेरे बघा. सुरुवातीला मालक कुरकुर करतील, करू द्या.

दोन्ही ४४३ वरच हवेत असा हट्ट असेल तर तेही होतं. पुढे एक रिव्हर्स प्रॉक्सी बसवायची. फोन जोडणी सुरू करतानाच आपल्याला कुठलं नाव हवंय ते सांगतो, आणि प्रॉक्सी नाव बघून मेलला इकडे आणि कॅमेऱ्याला तिकडे पाठवते. बऱ्याच चांगल्या फायरवॉलमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या दारावरच्या पहारेकऱ्यात, ही सोय आधीच असते, नेटवर्कवाल्याला विचारा.

सर्टिफिकेटबद्दल एक गैरसमज दिसतो. ते नावाला मिळतं, पोर्टला नाही, त्यामुळे पोर्ट बदलला म्हणून नवं घ्यावं लागत नाही. पण लेट्स एन्क्रिप्टचं फुकट सर्टिफिकेट वापरत असाल तर नूतनीकरणाच्या वेळी त्यांची तपासणी ८० किंवा ४४३ वरच येते. ते दोन्ही डीव्हीआरकडे असतील तर त्याची मुदत संपली की ऑफिसातले सगळे फोन एका सकाळी एकदम ओरडायला लागतात. अशा वेळी डीएनएसमधून होणारी तपासणी निवडायची, तिला पोर्ट लागत नाही.

शेवटचं, आणि खरं तर हे आधी बघायला हवं. तुमचा एक्स्चेंज २०१६ किंवा २०१९ चा असेल तर त्यांचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. सपोर्ट संपलेला सर्व्हर इंटरनेटसमोर उघडा ठेवून पोर्ट कुठला द्यायचा यावर वाद घालण्यात अर्थ नाही. २०१९ च्या महापुरानंतर सांगलीत अनेकांनी सर्व्हर तळमजल्यावरून वर नेले, काहींनी मेल सरळ बाहेरच्या सेवेकडे दिला. तुमच्या कुपवाडला पुराचं भय नसेल, पण मेल बाहेर देण्याचा हिशेब एकदा मालकांसमोर मांडा. तुम्ही अकाउंट्सचे, तुम्हाला तो माझ्यापेक्षा चांगला जमेल.

प्रश्न : मी मिरजेत एका रुग्णालयात निवासी डॉक्टर आहे. माझ्या आधीच्या कॉलेजचा मेल फोनवर आयमॅपनं (सर्व्हरवरचा मेल वाचण्याच्या पद्धतीनं) घेते. रुग्णालयाच्या वाय-फायवर तो येत नाही, मोबाइल डेटावर येतो. आमच्या आयटी विभागानं सांगितलं की ९९३, म्हणजे आयमॅपचा पोर्ट, बंद आहे. एक मित्र म्हणतो, फोनमध्ये ९९३ च्या जागी ४४३ लिही, चालेल. लिहिलं, नाही चालत. (मिरज)

उत्तर : डॉक्टर, मित्राचं अर्धंच बरोबर आहे. ४४३ रुग्णालयाच्या फायरवॉलमधून बाहेर जातो हे खरं, पण पलीकडे कॉलेजच्या सर्व्हरवर त्या नंबरला आयमॅप ऐकत असायला हवं. तिथं बहुधा त्यांची वेबसाइट किंवा वेबमेल असेल. फोन आयमॅपची भाषा बोलतो, समोरचा वेबची, आणि दोघंही गप्प बसतात. नंबर बदलायचा तर दोन्ही टोकांना बदलावा लागतो. कॉलेजचा सर्व्हर तुमच्या हातात नाही, म्हणून ९९३ परत लिहून टाका.

मग करायचं काय? ब्राउझरमधून वेबमेल उघडा, ते ४४३ वरच असतं. नाहीतर आयटी विभागाला लेखी विनंती करा की ९९३ आणि पाठवण्यासाठी ५८७ किंवा ४६५ बाहेर जाऊ द्यावेत, सर्व्हरचं नाव अमुक. एका ठरावीक सर्व्हरपुरतं उघडायला बरेच जण तयार होतात. ‘मेल चालू करा’ म्हटलं की नकार येतो. फुकटचं व्हीपीएन टाकून फायरवॉलला वळसा घालू नका. त्याच फोनवर तुम्ही पेशंटचे रिपोर्ट बघत असाल.

आणखी एक. मोबाइल डेटावरही मेल लगेच न येता उशिरा येतो असं वाटलं तर ते वेगळं आहे. आयमॅपमध्ये सर्व्हरशी जोडणी उघडी ठेवून वाट बघण्याची सोय असते, तिचं नाव आयडल. जोडणी गप्प राहिली की मधलं एखादं राउटर ती तोडून टाकतं आणि फोनला ते कळतही नाही. सर्व्हरही बराच वेळ गप्प असलेली जोडणी बंद करू शकतो, म्हणून फोननं २९ मिनिटांच्या आत ती नव्यानं मांडावी असं या पद्धतीच्या नियमातच म्हटलंय. फोनच्या बॅटरी सेव्हरनं मेल ॲपला झोपवलं की तेही होत नाही. त्या ॲपला बॅटरी सेव्हरमधून सूट द्या.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. फोनमध्ये मेल बसवताना एका ठिकाणी ‘पाठवण्याचा पोर्ट ४६५’ वाचलं, दुसऱ्या ठिकाणी ५८७, आणि नातू म्हणतो २५. खरं कुणाचं? मी ५८७ आणि एसएसएल असं लिहिलं तर नुसतं चक्र फिरत राहतं. (विटा)

उत्तर : सर, नातवाला आधी थांबवा. २५ हा एका मेल सर्व्हरनं दुसऱ्या मेल सर्व्हरला टपाल द्यायचा पोर्ट. स्पॅमच्या त्रासामुळे बरेच इंटरनेट पुरवठादार घरच्या लाइनवरून तो बंद ठेवतात.

उरलेले दोन्ही खरे, आणि घोळ नियम करणाऱ्यांनीच घातलाय. १९९७ साली पाठवण्याच्या सुरक्षित मार्गासाठी ४६५ नोंदवला गेला, पण थोड्याच काळात ती नोंद मागे घेतली. डिसेंबर १९९८ मध्ये ५८७ आला. त्यात जोडणी साधी सुरू होते आणि मग स्टार्टटीएलएस म्हणून ती सुरक्षित करून घेतात. कागदावर ४६५ मेला होता, पण कंपन्यांनी तो वापरणं सोडलंच नाही. शेवटी जानेवारी २०१८ च्या आरएफसी ८३१४ नं (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम ठरवणारे कागद) त्याला पुन्हा मान्यता दिली, आणि पहिल्या क्षणापासून सुरक्षित असलेली जोडणीच शक्यतो वापरा असं सांगितलं. सरकारी कागद मागे राहतो आणि वहिवाट पुढे जाते, हे तुम्ही नोकरीत बघितलंच असेल.

चक्र फिरतंय कारण जोडी चुकली आहे. ४६५ बरोबर एसएसएल किंवा टीएलएस निवडायचं, ५८७ बरोबर स्टार्टटीएलएस. तुमच्यासारखं ५८७ बरोबर एसएसएल लावलं की फोन सुरक्षित भाषेत सुरू करतो, सर्व्हर साध्या, आणि जोडणी जमत नाही. ४६५ बरोबर स्टार्टटीएलएस लावलं तर दोन्ही बाजू समोरच्यानं आधी बोलावं म्हणून वाट बघत बसतात. मेल घेण्याच्या बाजूलाही तसंच : आयमॅपला ९९३, जुन्या पॉप पद्धतीला ९९५, दोन्हींबरोबर एसएसएल. आणि खातं जीमेलचं असेल तर हे काहीच लिहू नका, फोनच्या जीमेल ॲपमध्ये गूगलनं साइन इन करा.

प्रश्न : बेदाण्याचा व्यापार आहे. पुतण्यानं आमच्या मेल सर्व्हरचा आयमॅप ९९३ वरून ५०९९३ वर नेला, म्हणजे हॅकरला सापडणार नाही. वर भारताबाहेरचे सगळे आयपी बंद केले. तेव्हापासून माझ्या फोनवरच्या आउटलुकमध्ये मेल येत नाहीत. पुतण्याच्या थंडरबर्डमध्ये येतात. (तासगाव)

उत्तर : पुतण्या कामाचा आहे, पण हॅकरला तो फार आळशी समजतोय. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं साधन काढलं. एका चांगल्या लाइनवरून ते सगळ्या आयपीव्ही४ (नेहमीच्या, जुन्या पद्धतीच्या आयपी पत्त्यांच्या) इंटरनेटवर एखादा पोर्ट पाऊण तासाच्या आत तपासून येतं. वर ज्या मिरायबद्दल लिहिलंय तो टेलनेटच्या (दुरून यंत्र चालवायच्या जुन्या पद्धतीच्या) २३ बरोबर २३२३ वरही जाऊन बघायचा, कारण ‘नंबर बदलला की लपलो’ असं समजणारे बरेच निघतात. नंबर बदलल्यानं सर्व्हरच्या लॉगमधला कचरा कमी होतो, हे मात्र खरं. चोरीपासून वाचवतो तो लांब पासवर्ड, लॉगिनची दुसरी पायरी (पासवर्डनंतरचा कोड) आणि वेळेवर केलेले अपडेट.

५०९९३ ची आणखी एक अडचण. ४९१५२ पासून पुढचे नंबर यंत्रं तात्पुरत्या कामासाठी आपापसात वापरतात. कायमची सेवा तिथं बसवू नये, कधीतरी दुसरंच काही त्या जागेवर बसलेलं असतं आणि सर्व्हर रीस्टार्ट केल्यावर मेल उठत नाही. बदलायचाच असेल तर त्याच्या खालचा घ्या.

आउटलुकचं कारण निराळं. मोबाइलवरचं आउटलुक तुमच्या सर्व्हरकडे फोनवरून सरळ जात नाही. मायक्रोसॉफ्टची यंत्रणा तुमच्या वतीनं मेल आणते आणि मग फोनला देते. ती यंत्रणा तुमच्याकडे भारताबाहेरच्या आयपीवरून आली की पुतण्याची फायरवॉल तिला हाकलते. थंडरबर्ड थेट फोनवरून जातं, म्हणून चालतं. आउटलुक ठेवायचं असेल तर नियम सैल करा, नाहीतर तुम्हीही थंडरबर्ड घ्या. मी थंडरबर्ड घेईन. व्यापाराच्या मेलचा पासवर्ड तिसऱ्याकडे ठेवायची गरज काय?

प्रश्न : वेबमेल ६६६७ पोर्टवर ठेवलंय. सर्व्हरवर सगळं ठीक, पण फोनच्या क्रोममध्ये पानच उघडत नाही. (पलूस)

उत्तर : क्रोम काही पोर्ट स्वतःच नाकारतं, नेटवर्कचा दोष नाही. ६६६७ चॅटच्या जुन्या आयआरसीचा, त्या यादीत आहे. १००८० ही आहे. ९९३, ५८७, २५ हे मेलचे पोर्टही आहेत, म्हणून वेबमेल तिथंही बसणार नाही. ४४३ मोकळा असेल तर तोच घ्या, नसेल तर ८४४३. साइटपुढे क्लाउडफ्लेअर (साइटच्या पुढे उभी राहून तिला सांभाळणारी सेवा) लावलेलं असेल तर त्यांच्याकडून सुरक्षित वेबसाठी मोजकेच नंबर पुढे जातात. ४४३ सोडून २०५३, २०८३, २०८७, २०९६ आणि ८४४३. यातलाच एक निवडा.